बाराच्या माउलीची वीणा

ज्या बाईच्या हाती मी कित्येक वर्षं रोज दुपारी वीणा देत आले, ती त्या सकाळी जिवंत आहे की नाही हे मला सांगता येत नव्हतं. ती राहते कुठे हेही सांगता येत नव्हतं, आणि नाव तर मी तिला कधी विचारलंच नव्हतं. समुद्रात वादळ उठलं होतं, पावसाने समोरची इमारत दिसेनाशी झाली होती, गाढी नदी पात्र सोडून वर आली होती, आणि मी सुकापूरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या कोरड्या घरात फोन हातात धरून उभी होते. मनात तेव्हा पहिल्यांदाच शंका आली. फोनवरून नाम, फोनवरून वीणा, फोनवरून माउली. आपण इतकी वर्षं भातुकलीच तर खेळत नव्हतो? कोणी बुडत असेल तर या नामाचा तिला उपयोग काय?

आधी वीणेचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. अखंड नामसप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. एकजण गळ्यात वीणा घालून उभा राहतो आणि नाम घेतो. त्याचा पहारा संपला की दुसरा येतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो, मगच पहिला मोकळा होतो. सात दिवस, रात्रंदिवस असं चालतं. टाळेबंदीच्या वर्षी देवळं बंद झाली, तेव्हा आमच्या भागातल्या एका कीर्तनकार बाईंनी फोनवर गट काढला. दिवसाच्या प्रत्येक तासाला एक माणूस नेमला. त्या तासात त्याने आपापल्या घरी नाम घ्यायचं. सुरुवातीला गटावर आवाजी निरोप टाकायचा, ‘घेतली.’ तास भरला की म्हणायचं, ‘वीणा घ्या, माउली.’ खरी वीणा आमच्यापैकी कोणाच्याच घरी नाही, पण ती पडू द्यायची नाही हा निर्धार मात्र खरा होता. सप्ताह संपला, टाळेबंदी उठली, आमचा पहारा काही उठला नाही. पुढे बाई देवाघरी गेल्या आणि गट सांभाळायचं काम माझ्याकडे आलं.

बाईंनी तीन नियम घालून दिले होते. नामात आपलं नाव-गाव विसरायचं, म्हणून गटात कोणी कोणाचं नाव, आडनाव, पत्ता विचारायचा नाही. ज्याचा जो तास, तीच त्याची ओळख. मी अकराची माउली, माझ्यानंतरची बाराची. दुसरा नियम, पहाऱ्यात असताना नामाखेरीज तोंडातून शब्द काढायचा नाही, दारात पाहुणा आला तरी. आणि तिसरा, एखाद्याकडून वीणा देण्याचा निरोप आला नाही तर पुढच्याने गुपचूप ‘घेतली’ म्हणावं आणि सुरू करावं. चुकलेल्याला चारचौघांत विचारायचं नाही, लाजवायचं नाही. कोणाला डुलकी लागते, कोणाच्या घरात आजारपण असतं. मला हा तिसरा नियम सगळ्यांत आवडायचा. याच नियमाने आम्हाला गाफील ठेवलं.

माझा स्वभाव सांगायचा तर मी हुकूम सोडणारी बाई आहे. दूरध्वनी केंद्रात ऑपरेटर म्हणून माझी नोकरी झाली. कानाला डबा लावायचा आणि अनोळखी माणसांची गाठ घालून द्यायची, हेच आयुष्यभर केलं. आवाजावरून मी माणूस ओळखते असा माझा दावा होता. आमचे हे त्यावरून चिडवायचे. म्हणायचे, “तुमच्या वीणेला तारा नाहीत, नुसता चार्जर आहे.” मी म्हणायचे, “चार्जर तर चार्जर, पण चालू आहे ना?” बाराच्या माउलीचा आवाज मात्र मला मनापासून आवडायचा. म्हातारा, थोडा कापरा, पण शेवटपर्यंत सुरात. ती ‘घेतली’ म्हणाली की मला उगाच हातातलं ओझं उतरल्यासारखं वाटायचं आणि मी स्वयंपाकाला लागायचे.

पावसाच्या त्या पहिल्या दिवशीही असंच झालं. माझा तास भरला, मी वीणा दिली, तिने ‘घेतली’ म्हटलं. एकच्या माउलीने आपल्या वेळेला ‘घेतली’ म्हटलं. दोनची, तीनची, सगळं सुरळीत. संध्याकाळी वारा वाढला, वीज गेली, नदीकाठची वस्ती पाण्यात गेल्याचं कळलं, तेव्हा मी गटावर पहिल्यांदा नियमाबाहेरचा निरोप टाकला. प्रत्येकाने ‘आहे’ म्हणावं आणि आपण कुठे आहोत ते सांगावं. बाईंचा नियम मी मोडते आहे, त्यांना वर गेल्यावर काय ते सांगेन, असंही म्हटलं. आणि मग एकेक आवाज येऊ लागला. पहाटे तीनची माउली मोरा बंदरावरची कोळीण निघाली. तिच्या ठेक्यावरून मी तिला संगीताची शिक्षिका समजत होते. एकची माउली म्हणजे उलव्याला इमारतीच्या कामावर देखरेख करणारे गृहस्थ. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. कोणी माळ्यावर बसलं होतं, कोणी शाळेत आसऱ्याला गेलं होतं. एकीने विचारलं, पाणी पायरीला लागलं आहे, काय करू? दुसरीने लगेच तिला आपल्या भाच्याचा पत्ता दिला. जी माणसं वर्षानुवर्षं एकमेकांशी ‘घेतली’ आणि ‘घ्या’ यापलीकडे बोलली नव्हती, ती आता एकमेकांच्या घरातल्या पाण्याची पातळी विचारत होती. मला फार बरं वाटलं. ऊर भरून आला असंच म्हणते.

सकाळपर्यंत सगळ्यांचे ‘आहे’ आले. एकटीचा आला नाही. बाराच्या माउलीचा फोन बंद होता. वीज नाही, फोन उतरला असेल, अशी मी समजूत घातली. तेवढ्यात अण्णांचा निरोप आला. बिचाऱ्यांचा आवाज पडला होता. “ताई, काल त्यांनी मला वीणा दिलीच नव्हती. मी आपली नियमाप्रमाणे उचलली. बोललो नाही. मला वाटलं, लाजवू कशाला?” म्हणजे आदल्या दिवशी दुपारी आपल्या पहाऱ्यात असतानाच ती गप्प झाली होती, आणि आम्ही तिचं मौन इतक्या अदबीने झाकलं की दिवस-रात्र उलटून गेली तरी कोणाला पत्ता नाही. कुठल्या दुकानदारीच्या नाहीतर पत्त्यांच्या क्लबच्या गटात हे झालं नसतं. तिथे लगेच कोणीतरी बोंब मारली असती. आमच्या भल्या वागण्यानेच घोळ केला. अण्णांना मी एवढंच म्हटलं, “तुम्ही नियम पाळलात. आता शोधू या.”

शोधायचं कुठे? तिला गटात आणणाऱ्या कीर्तनकार बाई राहिल्या नव्हत्या. पोलिसांच्या मदत क्रमांकावर फोन लागला तेव्हा तिकडच्या माणसाने नाव विचारलं. मी म्हटलं, नाव माहीत नाही. पत्ता? माहीत नाही. वय? आवाजावरून सत्तरीच्या पुढे. फोनचा नंबर दिला, पण बंद फोनचा माग या धांदलीत लगेच लागणार नव्हता. तो माणूस चांगला होता, चिडला नाही. म्हणाला, “मॅडम, एवढ्यावर कुठे शोधणार?” त्याचं काही चुकलं नव्हतं. फोन ठेवला आणि मी देवासमोर जाऊन उभी राहिले. मी नवस बोलणारी नाही, रडणारीही नाही. पण त्या दिवशी स्पष्ट म्हटलं, ‘हे माझ्या आवाक्यातलं नाही. तुला ती ऐकू येत असेल. मला येत नाही.’ हे म्हणायला मला फार जड गेलं. दुसऱ्यावर काम सोपवायची सवयच नाही मला.

गटातली माणसं मात्र हातावर हात ठेवून बसली नव्हती. कोणीतरी सुचवलं, तिचे जुने आवाजी निरोप सगळ्यांच्या फोनमध्ये आहेत, ते ऐकू या, आवाजामागे काही खूण मिळते का पाहू. मग ज्याच्या फोनमध्ये जेवढा जीव होता तेवढा त्याने त्यात घातला. एकीला शेळी ऐकू आली. एकाला वाटलं लांबून आगगाडी जाते. अण्णांनी छातीठोकपणे सांगितलं की मागे धम धम असा ठोका आहे, हा पाया खणायच्या यंत्राचाच, म्हणजे बाई उलव्यातच कुठेतरी आहे. उलव्यात तर गल्लोगल्ली पाया खणणं चालू असतं. तरी हा माणूस भर पावसात दोन सोबती घेऊन मजुरांच्या खोल्या धुंडाळत फिरला. तासाभराने त्यांचा निरोप आला, “नाही ताई. इथे नाही. पण पुन्हा जातो.” ते धापा टाकत होते. ज्या बाईचं तोंडही पाहिलं नाही तिच्यासाठी हा माणूस गुडघाभर चिखलात पुन्हा निघाला होता. भातुकली म्हणाले होते ना मी? माझी मलाच शरम वाटली.

तेवढ्यात मोऱ्याची पहाटे तीनची माउली बोलली. तिकडे होड्या ओढून बांधलेल्या, बाजार बंद, म्हणून ती सकाळपासून एका जागी बसून निरोप ऐकत होती. बाराच्या माउलीचे ऐकून झाले तेव्हा तिने शेजारचे, म्हणजे माझे लावले.

“अकराची माउली, रागवू नको गो,” ती म्हणाली. “तू वीना देतस ना, तवा तुज्या मागं नगारा वाजतो. बाराची वीना घेते तवा तिच्या मागं पन त्योच वाजतो. मधी एक ठोका खातो त्यो. दोन देवलांचे नगारे एकसारके लंगडे नसतात, माय. ती तुज्या शेजाराला हाय.”

मी माझाच निरोप लावून कानाला धरला. ‘वीणा घ्या, माउली,’ आणि त्यामागे धम, धम, धम, मग एक रिकामी जागा, मग घंटेचा ठणका. आमच्या मागच्या गल्लीत मारुतीचं देऊळ आहे. तिथे विजेवर चालणारं नगारा-घंटेचं यंत्र आहे, भर दुपारच्या आरतीला लावतात. त्याची एक काठी केव्हाच मोडली आहे. ती बसवण्यासाठी देवळाच्या समितीची दरवर्षी बैठक होते, वडापाव होतो, काठी तशीच. हा नगारा माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज आत येतो. तिच्या निरोपातही तो रोज माझ्या कानाशी वाजत होता आणि मी समजत होते की तो माझ्याच खिडकीतला आहे. आवाजावरून माणूस ओळखणारी मी! मोऱ्याच्या बाईला खाडीपलीकडून जे ऐकू गेलं ते मला घरात बसून कळलं नाही.

देवळामागे उतार आहे, आणि उताराच्या तळाशी नदीकडेला जुन्या बैठ्या खोल्यांची एक रांग आहे. मी पायांत चपला घातल्या तेव्हा हे म्हणाले, “वेड लागलंय का? या वयात पुरात उतरणार?” मी म्हटलं, “छत्री घ्या आणि चला.” छत्रीचा काहीच उपयोग नव्हता, पण त्यांना काहीतरी काम द्यायला हवं होतं. पहिल्या वळणावर ती उलटी झाली आणि आम्ही दोघंही आपसूक हसलो. मग देवळाच्या कोपऱ्यावर आलो आणि हसू मावळलं. पुढचा रस्ता नव्हताच. तपकिरी पाणी, त्यात तरंगणारी सिलिंडरं, खुर्च्या, कोणाचं तरी तुळशीचं रोप. खोल्यांची छपरं आणि खिडक्यांचा वरचा भाग तेवढा दिसत होता.

पाण्याच्या कडेला एक माणूस ट्रकच्या चाकाची फुगवलेली ट्यूब दोरीने ओढत उभा होता. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला, सलीमभाई. त्याच्या दुकानातल्या सगळ्या ट्यूबा त्याने बाहेर काढल्या होत्या आणि पहाटेपासून एकेकाला त्यावर बसवून वर आणत होता. डोळे लाल झाले होते, ओठ पांढरे. मी खाली जायला लागले तसा त्याने हात आडवा केला.

“आपा, पुढे नका जाऊ. तिकडे आता कोणी नाही. एकेक खोलीपाशी जाऊन मी आवाज दिला.”

“कोणीच ओ दिली नाही?”

“नाही. शेवटच्या खोलीत फक्त तो डबा चालू राहिलाय. भगवान का नाम वाला. मी हाक मारली, डबाच बोलत राहिला. बॅटरीवर असेल.”

असा डबा असतो खरा. बऱ्याच घरांत देवाजवळ लावलेला असतो, अखंड नाम म्हणत राहतो. पण मला एकदम दुसरा नियम आठवला. पहाऱ्यात असताना नामाखेरीज तोंडातून शब्द काढायचा नाही. मी विचारलं, “सलीमभाई, त्या डब्याचा आवाज बसला होता का हो?”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “हां आपा,” तो हळूच म्हणाला, “बसला होता. डब्याचा घसा कसा बसेल?” आणि त्याने ट्यूब पाण्यात वळवली.

मीही येणार म्हणून हटून बसले. तो नको म्हणाला, हे नको म्हणाले. मी म्हटलं, ती तुमच्या हाकेला ओ देणार नाही, तिचा हात पकडायला गेलात तरी ती घाबरेल, तिला काय म्हणायचं ते मला माहीत आहे. शेवटी त्याने ट्यूबवर फळी बांधली, माझ्या कमरेला दोरी बांधली, दुसरं टोक यांच्या हातात दिलं आणि छातीभर पाण्यातून मला ढकलत नेलं. मला पोहता येत नाही. खोटं कशाला सांगू, भीती वाटली. पाणी वास मारत होतं आणि खालून काहीतरी सारखं पायाला लागत होतं. पण एक गोष्ट खरी, मी एकदाही मागे वळायचं म्हटलं नाही. नामच घेत होते. रोज घरात घेते तसं मोजूनमापून नाही, तोंडाला येईल तसं.

खिडकीपाशी आलो तेव्हा ऐकू आलं. तोच आवाज. कापरा, फाटलेला, मध्येच विरून जाणारा, पण चालूच. आत अंधार होता. सलीमभाईने विजेरी मारली. खोलीच्या वरच्या बाजूला सामान ठेवायचा लाकडी माळा होता. त्यावर एक वाळलेली म्हातारी बसली होती, पाय पोटाशी घेतलेले, ओलं लुगडं, डोकं छपराला टेकलेलं, डोळे मिटलेले. पाणी माळ्यापासून हातभर खाली होतं. मी “मावशी” म्हणून हाक मारली, “आजी” म्हणून मारली. तिचे ओठ हलत राहिले. काल भर दुपारी तिने वीणा घेतली होती, पाणी आत शिरलं तेव्हा फोन हातातून पडून बुडाला होता, हे तिने मागाहून सांगितलं, आणि ‘घेतली’ असं तिला कोणाकडून ऐकूच आलं नव्हतं. वीणा अजून तिच्याच गळ्यात होती. आम्ही सगळे इकडे आपापली वीणा पुढे पुढे देत होतो, आणि ती एकटी इथे भर पुरात पहाऱ्यावर होती.

मी खिडकीच्या गजांना धरून जमेल तेवढ्या मोठ्याने, रोज गटावर म्हणते त्याच सुरात म्हटलं, “घेतली, माउली. वीणा घेतली.”

आवाज थांबला. पावसाचा तेवढा राहिला. तिने डोळे उघडले, प्रकाशाकडे पाहिलं, आणि आपल्या फाटक्या आवाजात म्हणाली, “एकच्या माउलीने आज फारच उशीर केला गं.”

मी हसले की रडले ते मला आठवत नाही. सलीमभाईने पहार आणून दार उचकटलं, आत शिरून तिला खांद्यावर घेतलं आणि ट्यूबवर माझ्या मांडीशी बसवलं. ती पिसासारखी हलकी होती आणि थंडीने कुडकुडत होती. तिला उताराच्या वर आणून ठेवेपर्यंत नदीला आणखी फुगवटा आला. सलीमभाईने मागे पाहिलं आणि कानाच्या पाळीला हात लावला. आता नुसती छपरं दिसत होती, म्हणजे माळा पाण्याखाली गेला होता.

असे अनुभव सांगणारे बहुतेकजण शेवटी म्हणतात की तो मदतीला आलेला माणूस नंतर कुठेच दिसला नाही. आमचा सलीमभाई रोज दिसतो. यांच्या स्कूटरचं चाक महिन्यातून एकदा तरी त्याच्याकडे असतं आणि उधारी केली की तो रागावतो. मला तर वाटतं, देवाने माणूस पाठवून परत नेला यापेक्षा कोपऱ्यावर आधीच नेमून ठेवला होता, यात त्याची माया जास्त आहे. अण्णांना मी निरोप पाठवला तेव्हा ते दुसऱ्यांदा उलव्याच्या खोल्या बघत होते. तिचं बोलणं त्यांना जसंच्या तसं कळवलं. त्यांचं एवढंच आलं, “माउलीला म्हणावं, माफ करा. यापुढे वेळेवर येईन.” मोऱ्याची माउली तर नुसती रडत होती. मध्येच म्हणाली, “त्यो नगारा दुरुस्त करू नका रे बाबांनो.” हा गटावरचा त्या दिवसाचा शेवटचा निरोप. त्यानंतर फोनचं जाळंच गेलं.

घरी आणून मावशीला कोरडं लुगडं नेसवलं, गरम दूध दिलं, दोन गोधड्या घातल्या. डॉक्टर शेजारच्याच जिन्यात राहतात, त्यांनी तपासून सांगितलं, अंगात ताकद नाही, पण भिण्यासारखं काही नाही. यांनी स्वतः शेगडी पेटवली आणि मऊ भात टाकला. चार्जरवरून पुन्हा कधी काही बोलले नाहीत. आणि मी? मी खिडकीत जाऊन उभी राहिले आणि नाम घ्यायला लागले. मावशीकडून घेतलेली वीणा आता माझ्याकडे होती. पुढे द्यायची तर गट नाही, फोन नाही, ‘घेतली’ म्हणणारं कोणी नाही. तिने रात्रभर पाण्यावर धरली ती मी कोरड्या घरात सोडायची कशी? पायांत गोळे आले होते, अंग थरथरत होतं, हे दोनदा सांगून गेले की जरा पड. मी मानेनेच नाही म्हटलं. आत कुठेतरी जुनीच खोड बोलत होती, मी सोडलं तर सगळं थांबेल.

गोधडीतून मावशी बघत होती. मला वाटलं झोपली आहे. ती म्हणाली, “कोणाची वाट बघतेस?”

मी खुणेने फोन दाखवला, बंद म्हणून.

“मग त्याच्याकडे दे,” तिने देव्हाऱ्याकडे बोट केलं. “मी पण कालपासून अधूनमधून त्याच्याकडेच देत होते. डोळा लागायचा ना. जाग आली की परत घ्यायचे. तो कधी नाही म्हणाला नाही. उभं राहायची सवय त्याला आहे बाई, तुला कुठे?”

आमच्या देव्हाऱ्यातला पितळी विठोबा वीतभर उंचीचा. कमरेवर हात, विटेवर पाय. मी त्याला रोज न्हाऊ घालते, पुसते, गंध लावते. गेली कित्येक वर्षं मी त्याला सांभाळते अशाच थाटात वावरत होते. एवढा गट मी चालवते, एवढी माणसं मी जोडते, वीणा मी पडू देत नाही. त्या दुपारी मला साधी गोष्ट समजली. मोऱ्याच्या बाईला ऐकू आलं ते मी ऐकवलं नव्हतं. सलीमभाईने ट्यूबा बाहेर काढल्या त्या मी सांगून नव्हे. मावशी पुरात तग धरून राहिली तेव्हा मी तर ‘सगळं सुरळीत’ म्हणून स्वयंपाक करत होते. सगळं चाललं होतं, फक्त चालवणारी मी नव्हते. याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. इतका सुखाचा हलकेपणा मला उभ्या जन्मात वाटला नव्हता. आपण आपल्या तासापुरतं मन लावून उभं राहावं आणि तास सरला की दुसऱ्याच्या हाती द्यावं, एवढंच आपल्याकडे मागितलेलं असतं. समर्पण म्हणतात ते काही मोठं, अवघड नसावं. घेताना ‘घेतली’ म्हणता आलं पाहिजे, तसं देताना देता आलं पाहिजे.

बाहेर पाऊस तसाच होता. पाणी ओसरायला अजून पुष्कळ वेळ होता, मावशीची खोली गेली होती, पुढे काय हे ठरलेलं नव्हतं. मी देव्हाऱ्यासमोर गेले, हात जोडले आणि म्हटलं, “वीणा घ्या, माउली.” मग मावशीच्या शेजारी चटईवर आडवी झाले. तिने आपल्या गोधडीची अर्धी बाजू माझ्या अंगावर ओढली, आणि भर दुपारी, घरात इतकी कामं पडलेली असताना, मी गाढ झोपले.